चहाचं सपोर्टिंग

अक्षर वेडंवाकडं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घाच्या चुकाही असतील, त्याबद्दल आधीच माफी मागते. शाळा चौथीत सुटली, तेव्हापासून लिहायची सवय नाही.

धरमपेठेतल्या सीएच्या ऑफिसात मी झाडू-पोछा आणि चहापाण्यासाठी लागले. अकाउंट्स बघणाऱ्या वैशाली मॅडम पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "ताई, आता तुम्ही आमच्या टीममध्ये." टीमचा अर्थ लवकरच कळला. पार्टी आली की खालच्या टपरीवरून चहा आणायचा, पैसे आपल्या पर्समधून द्यायचे आणि नंतर ऑफिसकडे मागायचे. पार्टी म्हणजे ज्यांचे हिशेब ऑफिस सांभाळतं ते लोक.

महिना संपताना मी पैसे मागितले. फारच हळू मागितले असतील, कारण पुन्हा मागावे लागले.

"सपोर्टिंग आहे का?" मॅडमनी विचारलं.

सपोर्टिंग म्हणजे खर्चाचा पुरावा, दुकानाचं बिल. त्याच्याशिवाय पेटी कॅशमधून, म्हणजे किरकोळ खर्चाच्या पैशातून, रुपया निघत नाही. नियम चांगलाच आहे. चहा पिताना कोणाला आठवत नाही, एवढंच.

मी टपरीवाल्याला बिल मागितलं.

"कटिंगचं बिल?" तो म्हणाला. "मी चहा विकून राहिलो का सोनं वं बाई?"

हे मॅडमना सांगितलं. "मग कठीण आहे," त्या म्हणाल्या, आणि तीन चहा सांगितले. मला नाही म्हणता येत नाही. मी आणले.

घरचा सिलिंडर संपला. त्याचे पैसे व्यापाऱ्यांच्या पोटात गेले होते. शेजारणीच्या शेगडीवर भात टाकताना मुलगी म्हणाली, "आई, तू ऑफिसात जाऊन राहिली का होटल चालवून राहिली?"

दुसऱ्या दिवशी इतवारीतले भांड्यांचे सेठजी आले. मोठे साहेब त्यांना समजावत होते, की पावती नसेल तर हमालीचा खर्च धरता येणार नाही. मधेच बेल वाजवून मला म्हणाले, "दोन स्पेशल."

मी तिथेच उभी राहिले. पर्समध्ये घरी जायच्या ऑटोपुरतेच पैसे होते.

"काय झालं?"

"पैसे संपले, साहेब," मी फरशीकडे बघून म्हणाले. "आधीच्या चहाचे मिळाले नाहीत. बिल नाही म्हणून."

सेठजी हसले. "मले वाटे माहीच हमाली अटकली. इथं तं बाईचा चहाही अटकला. काहून साहेब, टपरीवाल्याचा जीएसटी नंबर पाहिजे का तुम्हाले?"

साहेबांनी मॅडमना बोलावलं. "बिल नसलं तर आपण साध्या कागदावर व्हाउचर करतो ना? घेणाऱ्याची सही घेऊन?"

"हो सर. पण त्यावर तुमची मंजुरी लागते."

"मग घेतली का नाही?"

"तुम्ही बिझी होता, सर."

"आता माह्या हमालाचंही तसंच व्हाउचर करा न," सेठजी म्हणाले. साहेबांनी एसी वाढवला आणि रिटर्नच्या तारखेवर बोलू लागले. चहा शेवटी सेठजींच्या ड्रायव्हरने आणला. त्याच्याकडे कोणी सपोर्टिंग मागितलं नाही.

अकाउंटिंगमधलं मला कळलं ते इतकंच: पैसे मागून निघत नाहीत, पार्टीसमोर साहेबाचा चहा अडला की निघतात.

संध्याकाळी मॅडमनी व्हाउचरवर माझी सही घेतली आणि नोटा हातात ठेवल्या. मी तिथेच मोजल्या. सगळे पैसे परत आले होते.