जोडीची फुगडी

गौरवी गोव्यातल्या हळर्णची. लग्न होऊन मये गावी आली, तेव्हा तिच्याआधी तिच्या फुगडीची कीर्ती पोहोचली होती. पेडण्यातल्या स्पर्धांत हळर्णच्या मुलींचं पथक ओळखीचं, आणि त्या पथकातली शेवटची जोडी गौरवीची असायची. फुगडीत आधी सगळ्याजणी रिंगण धरून गीत म्हणतात. गीत संपलं की दोघी-दोघी सुटतात, हातांची फुली करून एकमेकींना धरतात, पाय जवळ घेतात, मागे झुकतात आणि गरगर फिरतात. तिथे बघायचा तो वेग. गौरवीच्या वेगाला जोडीदारीण मिळणं अवघड होतं.

त्या वेगात कधीकधी तिच्या छातीत आवळल्यासारखं होई. थांबलं की जाई. शाळेत असताना तिने आईला एकदा सांगून पाहिलं होतं. आईने लिंबाचं सरबत दिलं आणि उपाशीपोटी नाचू नको म्हणून बजावलं. पुढे गौरवीनेही ते पित्तातच जमा केलं. बी.एस्सी. होऊन ती डिचोलीत एका औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत लागली. दिवसभर नमुने तपासायची, जिने चढायची-उतरायची. तेव्हा काहीच होत नसे.

लग्नानंतरच्या पहिल्या चवथीला हळर्णहून वजें आलं. नव्या सुनेच्या माहेरची ही भेट बघायला शेजार जमतोच. संध्याकाळी आरती झाली आणि गणपतीसमोर, वर टांगलेल्या फळापानांच्या माटोळीखाली, बायकांनी रिंगण धरलं. जोडीला गौरवीसमोर शेजारची प्रभावती आली. ती अंगाने दणकट, जिभेने त्याहून. फुगडी रंगात आली आणि गौरवीचे हात एकदम सैल पडले. प्रभावती भिंतीवर आपटता आपटता वाचली. गौरवी जमिनीवर पडली होती. तोंडावर पाणी मारल्यावर तिने डोळे उघडले.

निदान प्रभावतीनेच केलं. सासूबाईंकडे वळून ती म्हणाली, "सत्यवती, औंदा तुझ्या घरांत गणपती दोन आसत गो. एक अजून भायर येवंक ना."

हशा पिकला. सत्यवतीने त्याच संध्याकाळी हळर्णला फोन केला. तसं काही नाही हे गौरवीला ठाऊक होतं, पण भरल्या घरात ते बोलायचं कसं? नवऱ्याला, निहारला, तिने सांगितलं. तो म्हणाला, चवथ होऊन जाऊ दे, मग आईला सांगू. तोपर्यंत सत्यवतीने तिला कळशी उचलू दिली नाही, आणि फुगडीच्या रिंगणात तर पाऊलही टाकू दिलं नाही. ती नाचलीच नाही, म्हणून छातीतलं ते आवळणंही आलं नाही. दुखणं होतं तिथेच होतं. लाडाकोडात ते कुणाला दिसलं नाही एवढंच.

पुढे सत्यवतीला खरं कळलं. नारळ खवायची आदोळी परत गौरवीपुढे येऊ लागली.

दिवाळीआधी गावच्या पथकाने स्पर्धेत नाव दिलं. देवळाच्या मंडपात तालीम चालू असताना गौरवी पुन्हा पडली. या वेळी तिचे ओठ काळेनिळे झाले आणि शुद्ध यायला वेळ लागला. निहारने तिला गाडीत घालून इस्पितळात नेलं. प्रभावती सोबत बसली, सत्यवती मागून आली. ईसीजी नॉर्मल आला. रक्तही ठीक होतं. उपास होता का, पाळी कधी आली, हे विचारून झालं. शेवटी तिथल्या तरुण डॉक्टरणीने विचारलं, "फिरून थांबल्यावर पडल्या, की फिरता फिरता?"

"फिरतनाच," प्रभावती म्हणाली. "दोनूय खेपेक. म्हज्या हातांतल्यानच गेली ती."

डॉक्टरणीने लिहायचं थांबवलं. दमून थांबल्यावर घेरी येणं वेगळं, असं तिने समजावलं. ऐन जोरात असताना माणूस पडला, तर हृदय तपासल्याशिवाय घरी सोडायचं नसतं.

हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा सीटी स्कॅन झाला. हृदय सगळ्या शरीराला रक्त पुरवतं, पण त्याला स्वतःला रक्त लागतं ते महाधमनीच्या मुळाशी फुटणाऱ्या दोन वाहिन्यांतून. एक उजवीकडून निघते, दुसरी डावीकडून. गौरवीची डावी वाहिनीही उजवीकडूनच निघाली होती. तिचं तोंड फटीसारखं अरुंद होतं, आणि तिथून ती महाधमनी व फुप्फुसाकडे जाणारी मोठी वाहिनी यांच्या मधून डावीकडे गेली होती. बसल्या-चालल्या रक्त पुरत होतं. वेग वाढला की दोन्ही मोठ्या वाहिन्या फुगत, मधली चेपली जाई, आणि नेमकं जास्त रक्त हवं तेव्हाच ते कमी पडे. हे जन्मापासून तसंच होतं.

शल्यविशारदांनी ऑपरेशन सांगितलं. तोवर धावणं, नाचणं बंद. पुढच्या वेळी शुद्ध येईलच याची खात्री नाही, हेही त्यांनी आडपडदा न ठेवता सांगितलं.

सत्यवतीने विचारलं, मूल होईल ना? काही काळाने, देखरेखीखाली, हरकत नाही, असं ते म्हणाले.

"आणि फुगडी?" गौरवीने विचारलं.

डॉक्टर गोव्याबाहेरचे होते, त्यांना फुगडी ठाऊक नव्हती. सत्यवती उठली. तिने शेजारी बसलेल्या निहारला उभं केलं, त्याचे हात फुली करून धरले आणि खुर्च्यांच्या मधल्या जागेत त्याला एक गिरकी दिली. निहार लाजेने लाल झाला. डॉक्टरांनी मात्र नीट बघून घेतलं. म्हणाले, हे धावण्याइतकंच आहे. बरं झाल्यावर यंत्रावर पळवून बघू. ती चाचणी चांगली आली तर करा.

ऑपरेशनमध्ये वाहिनीचं तोंड मोठं केलं. छातीचं हाड जुळेपर्यंत गौरवी घरी बसली, मग हळूहळू कामावर जाऊ लागली. पावसाळ्यात ती यंत्रावर पळाली. दम लागला, पण छातीत आवळलं नाही. स्कॅन चांगला आला. डॉक्टरांनी परवानगी दिली.

सत्यवतीने दिली नव्हती. नाचू नको, असं ती बोलली नाही. चवथीच्या संध्याकाळी रिंगण धरल्यावर गीत मात्र तिने आपल्याकडे घेतलं. गीत संपल्याशिवाय जोड्या सुटत नाहीत. म्हणून तिने ते संपवलंच नाही. कडव्यामागून कडवं आलं. देव झाले, वाड्यावरची घरं झाली, माहेरचे सगळे झाले.

"आतां इस्पितळांतले दोतोर तेवडे उरले," प्रभावती म्हणाली.

रिंगणातून गौरवी पुढे आली. तिने हातांची फुली केली आणि ती सासूपुढेच धरली. पुढे आलेले हात नाकारायचे नसतात. सत्यवतीचं गीत तुटलं.

"आई, घट्ट धरा."

सत्यवतीने धरले. सुरुवातीला ती सुनेच्या तोंडाकडे बघत सावकाश फिरली. गौरवी मागे झुकली, तशी तिलाही झुकावं लागलं. माटोळीतली फळं डोळ्यांपुढून रेघेसारखी जाऊ लागली. शेवटी धापा टाकत थांबली ती सत्यवती.

"पुरे गो. म्हाका गरगरता."

"गरगरता?" प्रभावतीने सोप्यावर बसलेल्या गौरवीच्या सासऱ्यांच्या दिशेने आवाज चढवला. "जयरामबाब, आयकलें न्ही? कितवो म्हयनो तो?"

बायका हसता हसता खाली बसल्या. सत्यवतीने पदर तोंडाला लावला. गौरवीने घामेजलेले हात लुगड्याला पुसले, पुन्हा फुली केली आणि या वेळी प्रभावतीपुढे धरली.