सैल कपड्याचा नियम

चिखलीत बायकांच्या जिमची वेळ भरदुपारची. सकाळ-संध्याकाळ पुरुषांची, आणि छताचा पत्रा भाकरी शेकण्याइतका तापला की आमची. माझी त्याला ना नव्हती. मी पिंजाऱ्याची लेक आणि पिंजाऱ्याचीच सून. बाजाराच्या मागच्या गल्लीत आमचं गादीचं दुकान आहे आणि अर्धी चिखली मी टाके घातलेल्या गादीवर झोपते. चालायला लागले तेव्हापासून काठीनं कापूस झोडपते आहे. माझा हात असा की कौतुकानं कुणाच्या पाठीवर थाप मारली, तर माणूस खामगावला जाऊन थांबतो.

पण वाकून वाकून टाके घालता घालता कंबर धरली. जमिनीवरून उठायचं तर नवऱ्याला दोन्ही हातांनी ओढावं लागे, जशी काही मीच भरलेली गादी. डॉक्टरांनी सांगितलं, पाठीचे स्नायू बळकट करा, वजन उचला, नाहीतर दुकान विसरा. दुकान विसरून मी काय करू? म्हणून जिम लावली.

जिममध्ये घालायचा हिजाब मीच शिवला. ताणल्या जाणाऱ्या टीशर्टच्या कापडाचा, पिन नाही, टाचणी नाही, टोक गळ्यातून शर्टात खोचलेलं. वावटळीत जिमचं छत उडून मेहकरला पडलं असतं, पण हा हिजाब हलला नसता.

जिम चालवणाऱ्याला सगळ्या बाया सर म्हणत. दारातून आधी त्यांची छाती आत येई आणि मग चहा पिण्याइतक्या वेळानं उरलेले सर. त्यांच्या मते बायकांनी पोट कमी करावं, सायकल चालवावी आणि घरी जाऊन स्वयंपाकाला लागावं. रॉडच्या कोपऱ्यात आम्हाला ते येऊच देत नसत.

एका दुपारी सर बाहेर फोनवर बोलत होते. त्यांनी स्वतःच्या व्यायामासाठी चकत्या चढवून ठेवलेला रॉड जमिनीवर पडला होता. मी वाकले, गुडघे मोडले आणि उचलला. पिंजाऱ्याच्या घरात कापसाच्या गाठी कोण उचलतं, असं सरांना वाटत होतं कोण जाणे. आमच्यात एक शाळामास्तरीण होती, तिला वर्ग शांत बसला की झोप येत नसे. तिनं टाळ्या पिटल्या आणि सर आत येताच सांगितलं की सरांचं वजन भाभीनं उचललं. दोनचार बाया हसल्या. सर हसले नाहीत.

दुसऱ्या दिवशी भिंतीवर पाटी लागली. सैल कपडा, ओढणी, स्कार्फ घालून मशीनला व रॉडला हात लावू नये. सर मला बाजूला घेऊन म्हणाले, "भाभी, तुमच्याच भल्यासाठी सांगून राह्यलो. कपडा मशीनमंदी गेला तर मान जाईन तुमची."

मी टोक खोचलेलं दाखवलं, ओढून दाखवलं. ते म्हणाले, नियम म्हणजे नियम. त्यांच्या पाठीमागे एक बाई ओढणीचे दोन्ही पदर उडवत मशीनच्या फिरत्या पट्ट्यावर धावत होती. तिला कुणी काही म्हटलं नाही. मला कोपऱ्यातली सायकल मिळाली, जिची सीट बहुधा एखाद्या शत्रूसाठी बनवली होती.

उन्हाळा गेला, पाऊस गेला, मी पायडल मारत राहिले. तेवढ्या पायडलांत मी मक्केला जाऊन हज करून, येताना खजूर घेऊन परतले असते. कंबर मात्र जिथल्या तिथं. उलट घरी आता मला उठवायला नवऱ्यासोबत दीरही लागे. पायडल मारताना मी सरांकडे बघत असे आणि मनात त्यांना पिंजत असे, आधी बारीक, मग अजून बारीक. मध्येच त्यांच्या घरच्या गादीचं काम आमच्याकडे आलं. रात्रभर सरकी टोचेल अशी गादी भरायचा मोह झाला. पण दुकानाचं नाव आडवं आलं. गादी इतकी मऊ भरली की मलाच राग आला.

मग दसरा आला. आमच्या गल्लीत दसऱ्याला प्रत्येक मशीनला हार पडतो, आमच्या पिंजण्याच्या मशीनलाही पडतो. जिममध्ये तर थाटच होता. प्रत्येक मशीनला झेंडू, हळदकुंकू, तेलाची बोटं. गावातले एक पुढारी पाहुणे होते. त्यांनी सरांना शेला घातला, रेशमी, सोनेरी किनारीचा, गुडघ्यापर्यंत लोंबणारा. सरांनी तो गळ्याभोवती एक वेढा देऊन गाठ मारून मिरवला. मी माझ्या सायकलपाशी उभी राहून त्या लोंबत्या टोकांकडे बघत होते. कपडा सैल होता. चांगलाच सैल होता. पण पाटीची आठवण करून देणारी मी कोण?

फोटोसाठी पुढारी वजन ओढायच्या मशीनवर बसले आणि वरची दांडी खाली ओढली. मागे प्लेटा वर गेल्या. सर त्याच प्लेटांना कुंकू लावायला वाकले, शेल्याचं टोक फटीत गेलं, आणि नेमका पुढाऱ्यांचा फोन वाजला. त्यांनी दांडी सोडली.

धाडकन आवाज झाला. शेला प्लेटांखाली दबला, किनारीची जरी मशीनच्या तारेत गुंतली, आणि सर मशीनला लोटांगण घालत असल्यासारखे वाकून राहिले. श्वास नीट चालू होता, कारण शिव्या स्पष्ट ऐकू येत होत्या. पुढाऱ्यांनी दांडी ओढली, तार हलेना. गाठ हनुवटीखाली, तोंड प्लेटांत, हात घालायला जागा नाही. कुणीतरी कात्री म्हणालं. पण पुढाऱ्यानं घातलेला शेला पुढाऱ्यासमोर दसऱ्याच्या दिवशी कापणार कोण? कात्री या हातातून त्या हातात फिरत राहिली. दोघांनी प्लेटा हातांनी उचलायला पाहिल्या, तर तेलाची बोटं घसरली आणि नवे पांढरे कपडे कुंकवानं लाल झाले.

मास्तरीण माझ्याकडे वळून म्हणाली, "भाभी, हात लावा ना वं."

मी निघाले. सायकलपासून मशीनपर्यंत पोचायला मी इतका वेळ घेतला की तेवढ्यात झेंडू सुकला असेल. सरांच्या कानाशी वाकून विचारलं, "सर, मशीनले हात लावू का? पाटीवर तं लावू नये म्हणून लिहेल हाय."

"लावा, भाभी."

"मोठ्यानं सांगा. पाहुण्यांले ऐकू गेलं पाह्यजे."

"लावा म्हणतो ना."

"अन् रॉडले?"

सरांनी मान ओढून पाहिली, शेला हलला नाही. मला घाई नव्हती.

"रॉडलेही लावा."

"स्कार्फ घालून?"

"हाव, स्कार्फ घालून. आता उचला, माय."

तेलानं हात घसरू नये म्हणून मी तळहातांना पूजेचा तांदूळ चोळला, गुडघे मोडले आणि प्लेटा उचलल्या. पुढारी नंतर सांगत होते म्हणे, की मशीनही थोडी वर आली. मी ते खोडलं नाही. मास्तरिणीनं शेला हिसकला, किनार फाटून तारेला राहिली आणि सर तोंडभर कुंकू घेऊन उभे राहिले. कंबरेतून कळ निघाली, पण ती मी घरी जाऊन काढली.

दुसऱ्या दिवशी पाटी भिंतीवर नव्हती. एवढ्यावर एखादीनं सोडून दिलं असतं. मी तारेतून काढलेली ती सोनेरी किनार घरी नेली. रॉड खांद्यावर घेताना टोचू नये म्हणून उत्तम कापूस भरून एक गोल गादी शिवली, तिच्या कडेनं किनार लावली आणि जिमला भेट दिली. पाहुण्यांच्या शेल्याची किनार, सरांना ती फेकता येईना.

आता मी जमिनीवरून एकटी उठते. रोज दुपारी रॉडजवळ उभी राहते आणि म्हणते, "सर, गादी द्या." सर दोन्ही हातांनी आणून देतात. दुकानात सवड मिळेल तशी मी येत्या दसऱ्यासाठी त्यांच्याकरता एक शेला शिवते आहे. चांगला घोट्यापर्यंत लांब.