फाटकवाल्या मावशीचं भूत

फाटकवाली मावशी भुताचं सांगायची तवा आवाज बारीक करायची नाय, शेंगा फोडत फोडत भाजीचा भाव सांगावा तसं सांगायची. लासूरकडं मोठी लाईन झाली, आमच्याकडच्या छोट्या लाईनीचे रूळ उचलून नेले, नुसता खडीचा बांध अन् बाभळी राह्यल्या. तिचा नवरा तिथंच फाटकावर नोकरीला व्हता, तो वारला तरी ती फाटकाजवळच्या रेल्वेच्या खोलीतच राहायची. म्हणायची, गाडीखाली आलेला गार्ड बांधावर आपला तुटलेला हात शोधतो, अन् पुरुष दिसला की त्याचा हात मागतो.

मी लगीन होऊन आले, सातवी नापास, लई भित्री. घरात संडास नाय, साऱ्या बाया सांजच्याला त्याच बांधाआड जायच्या, अन् मी जाईना. दोन दिवस पाणी पिले नाय, जेवले नाय, चक्कर येऊन पडले. तवा मावशीनं मला हाताला धरून नेलं.

"अगं येडे, त्या गार्डाला मीच उभा केला," ती म्हणली. "पोरं इथं पत्ते खेळत बसायची. बायांच्या जागेला दार नाय, म्हणून भूत बसवलं."

एकदा सरपंचाच्या भावानं चारचौघांत इचारलं, मावशी, आमाला कसा दिसत नाय तो. ती म्हणली, "दिसंल की. परवा तुमचा मेलेला आजा बसला व्हता त्याच्यापाशी, बिडी ओढत. तुमालाच इचारत व्हता." सारे हसले, पण तिकडं एक बी गडी फिरकला नाय.

मावशी तापानं गेली. मला रडू आलं नाय, लेक दोन महिन्यांची व्हती, तिला पाजत बसले. आठ दिवसांत पोरं बांधावर बाटली घेऊन बसायला लागली. आमी बाया टमरेल घेऊन गेलो, तशाच माघारी आलो. चार दिवस असंच. मी पुन्हा पाणी सोडलं, अंग गळालं, दूध आटलं, लेक रडायची.

हे जेवायला बसले तवा मी म्हणले, मावशी दिसली. बांधावर उभी व्हती, पुरुषांची नावं घेत व्हती, तुमचं बी घेतलं. कसं बोलले ठाव नाय, आवाज कापला नाय. ह्यांनी घास खाली ठेवला.

दुसऱ्या दिवशी बांध मोकळा. बाया गेल्या, मी बी लेकीला छातीशी धरून गेले, कायीच वाटलं नाय.

आता सांज झाली की गावात तिचं नाव कुणी घेत नाय. लेकीला मी सांगायला जाते, फाटकवाली मावशी कशी व्हती, तर सासूबाई माझं तोंड दाबतात.