पसाभर कोंड्याचं गाणं

सकाळी साडेसातला यमुताई आमच्या स्वयंपाकाच्या ओट्यापाशी उभ्यानेच चहा पितात आणि मग पोरं न्हाऊ घालायला निघतात. आमच्या नंदनवन कॉलनीत तीस वर्षं त्यांचं हेच काम. बाळंतिणीला मालीश करायची, बाळाला लांब केलेल्या पायांवर पालथं घेऊन अंघोळ घालायची. त्या दिवशी चहा अर्धा झाला होता आणि दार वाजलं. वाजलं कसलं, कुणीतरी मुठीने ठोकलं.

दारात रजत. समोरच्या इमारतीतला, गेल्या वर्षीच प्रताप नगरातून इकडे राहायला आलेला. त्याच्या दोन महिन्यांच्या बाळालाही यमुताईच न्हाऊ घालायच्या; ते कालपासून तापाने दवाखान्यात होतं. चप्पल न काढताच तो आत आला.

"काकू, हे ऐका. मावशी, तुम्ही बी ऐका."

त्याच्या बायकोने, हिमानीने, चार दिवसांपूर्वी मोबाइलवर काढलेला व्हिडिओ होता. पाण्याचा आवाज, बाळाचं रडणं आणि यमुताईंचा घोगरा सूर:

शेंबडं पोर, घ्या हो कोणी,
पसाभर कोंडा द्या हो कोणी.
कोंडा गोड, पोर कडू,
टाका उकिरड्यात, नका रडू.

"माझ्या लेकराले उकिरड्यात टाका म्हणते ही बाई! हिमानी तिकडे रडून राहिली. मी टाकला व्हिडिओ कॉलनीच्या ग्रुपवर. समजू द्या साऱ्यांना."

यमुताईंच्या कमरेच्या पिशवीतला फोन वाजला. मागच्या गल्लीतली करिष्मा. "मावशी, आज राहू द्या. मी सांगते नंतर." फोन ठेवेस्तोवर दुसरा आला. तेच. यमुताईंना त्या दिवशी चार घरी जायचं होतं.

"डॉक्टर काय म्हणाले, रजत?" मी विचारलं.

"इन्फेक्शन."

"मग?"

"मग काय, काकू! शिकलेला आहो मी, समजते मले. पण रातभर तेच कानात वाजून राहिलं."

खरं सांगायचं तर ते गाणं मी कित्येक वर्षं ऐकत आले होते. 'घ्या हो कोणी' म्हणजे फेरीवालीची हाक असेल, एवढंच मला वाटायचं. उकिरड्याच्या ओळीपाशी मी कधी थांबले नव्हते. तसं मी बोलूनही दाखवलं.

"फेरीवाली कायची! नकोशी पोरं टाकत असतील तेव्हाचं आहे हे," रजत म्हणाला.

यमुताई खाली फरशीवर बसल्या. "नकोशी नाही गा बाबू. लई हवीशी."

रजत उभाच होता.

"आमच्या मायची दोन पोरं पाळण्यातच गेली. सावनेरकडलं खेडं आमचं. मी झाले तशी मायनं मले दाईच्या हाती देल्लं अन् पसाभर कोंडा घेतला. दाईनं नेऊन उकिरड्यावर ठेवलं. मंग मायच आली मागून, 'कोणाचं वं हे पोर?' म्हणत. उचलून घरी नेलं. म्हणजे मी इकलेली, फेकलेली. मरण दारात आलं तर त्याले सांगाले, हे पोर आमचं नाही. घरात मले अजून कोंडीच म्हणतात."

"अन् गाणं?"

"दाई म्हणे ते. तिच्या आंधी कोण म्हणे, मले नाही मालूम. तुह्या पोराचं गोजिरं रूप पाहून मले नजरेचं भेव वाटलं, म्हणून दोनदा म्हटलं."

रजतने तोंडावरून हात फिरवला. "पहिले काहून नाही सांगितलं?"

"तू इचारलं कुठं?"

तिसऱ्यांदा फोन वाजला. यमुताईंनी तो उचलला नाही. वाजून बंद होऊ दिला. रजत त्या फोनकडे बघत राहिला.

"दवाखान्यात पोराजवळ जाय आता," त्या म्हणाल्या. "मले तुह्या घरचं काम नाही पाहिजे. फक्त आता मी जे बोलले ना, ते बी त्याच ग्रुपवर टाक."