राखी गाडीचे दिवसाचे दिवे

आमच्या थोरल्या साडूंनी आयुष्यात कोणाच्याही शब्दावर विश्वास ठेवला नाही, आणि तरीही त्यांच्याइतका भला माणूस मला सगळ्या खानदेशात दुसरा भेटलेला नाही. ही दोन विधानं एकत्र कशी नांदतात, ते मेहरूणला त्यांच्या घरी चार दिवस राहिल्याशिवाय कळायचं नाही. वजनमाप खात्यात त्यांची सगळी नोकरी दुकानदारांचे तराजू तपासण्यात गेली. निवृत्त झाल्यावर तपासायला तराजू उरले नाहीत, तेव्हा त्यांनी उरलेलं जग तपासायला घेतलं. कुकरच्या दोन शिट्ट्यांमधलं अंतर ते घड्याळ लावून मोजतात. भरिताचं वांगं भाजण्याआधी आणि भाजल्यानंतर वजन करून आगीनं किती खाल्लं ते अक्कांना सांगतात. अक्का म्हणजे त्यांच्या पत्नी, माझ्या बायकोची मोठी बहीण. त्या एवढंच म्हणतात, "सांगून झालं असेल तर सोला आता." मी एकदा धुळ्याहून निघताना फोनवर म्हणालो होतो, "भाऊ, दोनेक तासांत पोचतो." पलीकडून शांतपणे प्रश्न आला, "पारोळ्याचा चहा धरून, की न धरता?"

अशा माणसानं विजेवर चालणारी गाडी घेतली तेव्हा आम्हाला नवल वाटलं नाही. पेट्रोलपंपावरच्या आकड्यावरही त्यांचा कधी विश्वास नव्हता. गाडीचा रंग त्यांनी राखी निवडला, कारण मे महिन्यातली धूळ त्यावर दिसत नाही. हा हिशेब अगदी बरोबर निघाला. धूळ दिसत नव्हती, आणि उन्हाच्या झळांत डांबरी रस्त्यावर गाडीही दिसत नव्हती.

हे त्यांना कळलं ते धरणगावच्या रस्त्यावर. भर दुपारी ते एकटेच एका नात्यातल्या लग्नाहून परतत होते. एका गावाच्या फाट्याशी डोक्यावर गवताचा भारा घेतलेली एक म्हातारी अचानक रस्ता ओलांडायला निघाली. भाऊंनी ब्रेक दाबला. गाडी थांबली तेव्हा म्हातारी आणि बंपर यांच्यात दोन हातांचं अंतर होतं. ते मात्र त्यांनी मोजलं नाही, अंदाजानंच सांगितलं, आणि त्यावरूनच ते किती हादरले होते हे मला समजलं. ते उतरले. म्हातारी भारा सावरत शांतपणे म्हणाली, "भाऊ, तुनी गाडीले आवाजच नही शे. माले कसं समजीन?" भाऊंनी माफी मागितली, भारा तिच्या दारापर्यंत पोचवला आणि घरी येऊन न जेवता झोपले. अक्कांनी मला फोन करून सांगितलं, "काहीतरी झालंय. यांनी आज दुधाचं मापसुद्धा पाहिलं नाही."

चौथ्या दिवशी त्यांनी निर्णय घेतला. गाडीला आवाज देता येत नाही, पण दिवसासुद्धा ती लांबून दिसेल असं करता येतं. पुढच्या बाजूला एलईडीचे दिवे बसवायचे, गाडी रस्त्यावर असेल तोवर ते पेटलेले राहतील. असे दिवे महागड्या गाड्यांना मुळातच असतात. आमच्या साडूंच्या गाडीला नव्हते. नातेवाइकांत बातमी पसरली ती अशी, की भाऊंना म्हातारपणी नटवी गाडी हवी झाली आहे. खरं कारण त्यांनी मला आणि अक्कांनाच सांगितलं होतं.

बसवण्याआधी प्रयोग झाला. मेहरूण तलावाकडच्या रस्त्यावर अक्का छत्री घेऊन एका टोकाला उभ्या, मी त्यांच्याशेजारी वही घेऊन. भाऊ लांबून गाडी घेऊन यायचे, एकदा साधी आणि एकदा पुढं तात्पुरते दिवे बांधून. अक्कांनी गाडी दिसली की छत्री वर करायची. त्या क्षणी भाऊ गाडी थांबवणार, आणि मग मी तिथपर्यंत टेपनं अंतर मोजणार. तिसऱ्या फेरीला अक्कांनी छत्री इतकी लवकर वर केली की वळणावरून गाडी यायचीच होती. भाऊ जवळ येऊन म्हणाले, "मी तुला दिसलोच कुठून?" अक्का म्हणाल्या, "दिसला नाहीत. पण तुम्ही येणार हे मला माहीत आहे. ऊन फार झालंय, घरी चला." भाऊंनी मला ती नोंद खोडायला लावली.

दिवे बसवणारे मेस्तरी महामार्गाच्या कडेला होते. त्यांनी भाऊंपुढं निळे दिवे ठेवले, पळणारे दिवे ठेवले, इंद्रधनुष्यासारखे रंग बदलणारेही ठेवले. भाऊंना पांढरा, स्थिर आणि समोरच्याच्या डोळ्यांत न घुसणारा प्रकाश हवा होता. तो घुसतो का हे पाहायला ते स्वतः गाडीसमोर रस्त्यावर गुडघे टेकून बसले, रिक्षावाल्याच्या उंचीला. मेस्तरींनी बॉनेट उघडलं, आतल्या जाड केशरी वायरी पाहिल्या आणि हात मागं घेतले. "साहेब, याला मी हात लावणार नाही." भाऊंनी समजावलं की त्या मोठ्या बॅटरीच्या वायरींना आपण शिवायचंच नाही. बाजूला एक साधी छोटी बॅटरी असते, दिवे आणि हॉर्न तिच्यावर चालतात, जोड तिलाच द्यायचा. मेस्तरींनी तिला थेट जोड देऊन एक बटण बसवलं.

बटण मात्र माणसानं बंद करायचं असतं. गाडीला आवाज नाही, भर उन्हात दिवा पेटलेला लक्षात येत नाही. माझ्या मुलीच्या साखरपुड्याच्या आदल्या दिवशी भाऊ बटण बंद करायला विसरले. सकाळी सफारी घालून, पेढ्यांचा डबा मांडीवर घेऊन ते गाडीत बसले, आणि गाडी काही उठेना. छोटी बॅटरी संपली होती, आणि ती संपली की मोठीला जागं करणारं कोणी उरत नाही. पोटात धुळ्याला जाऊन परत येण्याइतकी वीज भरलेली, पण साधं दारही नीट लागेना. दोघं एसटीनं आले.  मांडवात मला बाजूला घेऊन भाऊंनी फक्त कबुली दिली, "माझ्याच हातून राहिलं. माणसावर सोपवायला नको होतं." पुढच्या आठवड्यात त्यांनी जोड बदलून घेतला. आता गाडी सुरू झाली की दिवे आपोआप लागतात, बंद केली की विझतात.

मग राहिली खरी परीक्षा. त्यांनी मला बरोबर घेतलं आणि आम्ही त्या फाट्यावर गेलो. म्हातारीला मी ओसरीतून रस्त्याच्या कडेला आणून उभं केलं. भाऊ गाडी लांब घेऊन गेले आणि दिवे लावून सावकाश येऊ लागले. म्हातारी लगेच म्हणाली, "दिखनी." तेव्हा गाडी इतकी दूर होती की मलासुद्धा दोन ठिपक्यांशिवाय काही दिसत नव्हतं. मी हात हलवून भाऊंना खूण केली. मला वाटलं ते खूश होतील. ते जवळ आले, मी सांगितलेलं अंतर ऐकलं, आणि त्यांच्या कपाळावर आठी पडली. एवढ्या लांबून अक्कांनाही दिसलं नव्हतं. ते म्हातारीसमोर उभे राहिले आणि तीन बोटं वर करून म्हणाले, "माय, ह्या कितल्या बोटा शेतस?"

म्हातारी जराशी हसली. "पाच का?"

तीन बोटं खाली आली. मग भाऊंनी हळूच विचारलं, गाडी दिसत नव्हती तर दिसली असं का सांगितलंस? ती म्हणाली, "तुले बरं वाटाले जोयजे म्हनीसन." तुला बरं वाटावं म्हणून. एवढ्या उन्हात तू माझ्यासाठी आलास, तुझं मन कशाला मोडू, असं तिचं म्हणणं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकले होते. मुलगा कामासाठी सुरतेला, सून दिवसभर शेतात, आणि ही अंदाजानं रस्ता ओलांडत होती.

 परत येताना पाळधीपाशी भाऊ म्हणाले, "आपण गाडी तपासली, दिवे तपासले, अंतर तपासलं. आणि जिच्यासाठी हे केलं तिच्याकडं एकदासुद्धा नीट पाहिलं नाही."  

ऑपरेशनला म्हातारीला तयार करायला पाच खेपा झाल्या. "आते काय देखनं शे माले," एवढंच ती दर वेळी म्हणायची. मग अक्का गेल्या, ओसरीवर बसून तिच्याबरोबर शेंगा फोडल्या, आणि परत आल्या त्या दवाखान्याचा दिवस ठरवूनच. एका डोळ्याचं ऑपरेशन धुळ्याला झालं. डॉक्टरांनी पुन्हा तपासून काळा चष्मा दिला, त्या दिवशी भाऊंनी तिला दवाखान्याच्या दारातून बाहेर आणलं. मी गाडी सुरू करून समोर उभा होतो. ती पायरीवरच थांबली. बराच वेळ गाडीकडं पाहत राहिली आणि भाऊंकडं वळून म्हणाली, "भाऊ, ह्या दिवसना दिवा कसाले लायात?" भर दिवसा दिवे कशाला लावलेत, हा प्रश्न जन्मभर दुसऱ्यांना प्रश्न विचारणाऱ्या आमच्या साडूंनाच आला होता. त्यांनी आपला चष्मा काढून सदऱ्यानं पुसला, आणि तिचा हात धरून तिला पुढच्या सीटवर बसवलं.

या दिवाळीनंतर तिचा मुलगा तिला सुरतेला घेऊन गेला. दुसरा डोळा तिकडं करणार आहेत म्हणे. भाऊ अजून महिन्यातून एकदा त्या रस्त्यानं जातात. मी परवा बरोबर होतो. फाट्याशी त्यांनी गाडी कडेला घेतली. ओसरीचं दार बंद होतं, बाहेरची बाज उभी करून ठेवलेली. ते थोडा वेळ तिकडं पाहत बसले. मी विचारलं, "भाऊ, किती दिवस झाले तिला जाऊन?"

"बरेच झाले," ते म्हणाले, आणि गाडी सुरू केली.