गाळलेलं वाक्य

जिमच्या लाकडी जमिनीवर तो ओरखडा मी पाडला. पेरूच्या माणसाने नाही.

घरी पाहुणे आले, जपानचा विषय निघाला, की मी पेरूच्या आणि अमेरिकेच्या बायकांच्या व्हॉलीबॉल संघाची गोष्ट सांगतो. खुलवून सांगतो, लोक हसतात. पण ती सांगताना मी एक माणूस वगळतो. आज तो घालून सांगणार आहे.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर कंपनीने मला नागोयाला पाठवलं. पुण्यात जपानी शिकलेला इंजिनिअर, एवढंच माझं भांडवल. आमच्या उपनगरात दोन प्रकारचे परदेशी होते. पेरूहून आलेली माणसं मोटारीचे सुटे भाग बनवणाऱ्या लहान कारखान्यांत उभ्याने काम करायची. त्यांचे आजे-पणजे कधीकाळी जपानमधून पेरूला गेलेले, त्यामुळे त्यांना व्हिसा मिळायचा. चेहरे जपानी, पण बोलणं स्पॅनिश. सरकारी वसाहतीतले शेजारी त्यांच्यावर फार नाराज असत. कचरा चुकीच्या वारी ठेवतात, गाणी लावतात, जिन्यात गप्पा मारतात. दुसरे परदेशी म्हणजे इंग्रजी शिकवणारे अमेरिकन. त्यांनी चुकीच्या वारी कचरा ठेवला तर शेजारी हसून तो स्वतः उचलत.

या दोघांना एकत्र आणलं व्हॉलीबॉलने. वॉर्डाच्या जिममध्ये रविवारी दुपारी पेरूच्या बायका खेळायच्या. त्यांच्या देशात हा बायकांचा खेळ, आणि साधासुधा नव्हे. एका जपानी प्रशिक्षकाने त्यांचा संघ घडवला होता आणि सोल ऑलिंपिकमध्ये त्यांनी रौप्यपदक घेतलं होतं. ते त्या स्वतःच्या गळ्यात पडल्यासारखं सांगायच्या. एकदा कॅलिफोर्नियाची एक उंच शिक्षिका बघायला म्हणून आली. कॉलेजात खेळलेली, आणि स्पॅनिश उत्तम बोलणारी. पुढच्या रविवारी तिने आणखी तिघींना आणलं.

"लिमाच्या जागतिक स्पर्धेत आम्ही तुम्हाला हरवलं होतं," पेरूची कप्तान तिला जाळ्यापलीकडून म्हणायची.

"आणि लॉस एंजेलिसच्या ऑलिंपिकला?"

"तिथे तुमचं जेवण बाधलं आम्हाला."

मी शिट्टी घेऊन खुर्चीवर बसायचो. कॉलेजात सांगलीला खेळलो होतो, आणि दोन्ही बाजूंना परका होतो, म्हणून पंच. यांची एक गंमत होती. चेंडू बोटाला लागून बाहेर गेला, तर अमेरिकन बाई आपणहून हात वर करायची, लागला म्हणून. पेरूच्या बायका गप्प उभ्या राहायच्या आणि माझ्याकडे बघायच्या. पंच आहे ना, मग बघणं त्याचं काम. सुरुवातीला अमेरिकन बायकांना ही लबाडी वाटली, तर पेरूच्या बायकांना तो दिखावा वाटला. "एवढं खरं बोलायचं असेल तर चर्चमध्ये जावं," असं कप्तान म्हणाली होती. हळूहळू एकमेकींचं अंगवळणी पडलं. शेवटी शेवटी तर अमेरिकन बायका गप्प राहायला लागल्या आणि पेरूच्या बायका हात वर करायला.

जिम मिळायला वॉर्डाच्या कचेरीत एक प्रतिनिधी नोंदवावा लागतो. त्याला दाइह्यो म्हणतात. गटातल्या कोणीही काहीही केलं तरी मान त्याने खाली घालायची. जपानी लिहिता-वाचता येणारा मीच, म्हणून मी दाइह्यो. मला ते आवडलं होतं. पेरूच्या लोकांना मी नियम शिकवायचो. बाहेरचे बूट दारात काढा. आत खाऊ नका. जाताना सगळी जमीन पुसा. आणि जाळ्याचे लोखंडी खांब काढल्यावर दोघांनी उचलून न्या, ओढू नका, लाकडाला चरे पडतात. हे सांगताना माझा आवाज कसा असायचा ते आज आठवलं तरी कसंसं होतं. मी ऑफिसातला, ते कारखान्यातले. जपानी साहेबाने माझ्याशी बोलावं तसं मी त्यांच्याशी बोलायचो.

खांबांचं काम कप्तानच्या मोठ्या भावाचं. चाळिशीचा, रुंद खांद्यांचा, अबोल. बहिणीबरोबर तोही आला होता, एकाच कारखान्यात होता. स्वतः खेळत नसे. जाळं बांधायचा, खांब लावायचा, काढायचा आणि बाहेर सायकलींच्या शेडखाली बायकांनी आणलेलं खाणं मांडायचा. मला 'इंदोसान' म्हणायचा, म्हणजे भारतवाले.

दरवर्षी शरदात वॉर्डाची बायकांची स्पर्धा असे. तिथल्या गृहिणी नऊ जणींचा व्हॉलीबॉल खेळतात, सहा जणींचा नव्हे. पेरूच्या पाचजणी होत्या, अमेरिकन चौघी. कप्तानने बोटांवर मोजलं आणि ती ओरडलीच. तिच्या वसाहतीतल्या बायकांचाही संघ त्या स्पर्धेत असायचा. त्याच बायका जिन्यात भेटल्या की भिंतीकडे बघत उतरायच्या.

"त्यांना एकदा मला खेळताना बघू दे," ती म्हणाली. "मग कचऱ्याबद्दल काय बोलायचं ते बोलू दे."

मी संघाचं नाव दिलं. ते स्वीकारलं गेलं. त्या दिवशी तिने मला मिठीच मारली. मी अवघडून उभा होतो आणि तिचा भाऊ हसत होता.

सप्टेंबरातल्या त्या रविवारी आमच्या घरी गणपती होते. संध्याकाळी आरतीला नागोयातली मराठी मंडळी येणार होती. खेळ लांबला. जमीन पुसून झाली, एक खांब कप्तानच्या भावाने आणि मी मिळून कोठीत नेला, आणि बायकांनी भावाला जड पातेली उचलायला बाहेर बोलावलं. जाताना तो मला त्याच्या मोडक्या जपानीत म्हणाला, "थांबा, इंदोसान. आलो. दोघं मिळून."

मी थांबलो नाही. दुसरा खांब एकट्याने कवटाळला, पेलेना, म्हणून एक टोक टेकवून कोठीपर्यंत ओढत नेला. आवाज ऐकला होता मी. मागे वळून बघितलंही. दिवे मालवले आणि घरी येऊन आरती केली.

दोन दिवसांनी जिमच्या व्यवस्थापकाने बोलावलं. निवृत्तीनंतर तिथे लागलेला सभ्य, वाळका माणूस. त्याने मला ओरखड्याशी नेलं. जवळजवळ मधल्या रेषेपासून कोठीच्या दारापर्यंत गेलेला. आम्ही दोघं उकिडवे बसून त्याच्याकडे बघत राहिलो.

"दाइह्यो-सान," तो हळूच म्हणाला, "पेरूच्या मंडळींकडून झालं असावं का?"

'मी केलं' हे जपानीत फार लहान वाक्य आहे. मी म्हणालो, "मी त्यांना नीट समज देतो."

होय म्हणालो नाही, हे मी पुढे कित्येक वर्षं स्वतःला ऐकवलं.

तो म्हणाला, वॉर्डाचे लोक विचार करताहेत की यंदा या संघाने स्पर्धेतून माघार घेतली तर बरं. अर्थात, संबंधित व्यक्तीने येऊन दिलगिरी व्यक्त केली तर गोष्ट वेगळी.

घरी बायकोला सांगितलं. ती मोदकांची भांडी घासत होती.

"अहो, मग सांगून टाका की. खांबच ओढलात ना? खून नाही केलात."

"नोंद कंपनीच्या पत्त्यावर आहे. ऑफिसात फोन जाईल. आणि मीच सगळ्यांना शिकवत होतो, ओढू नका म्हणून."

"म्हणून तर सांगायला हवं," ती म्हणाली आणि नळ मोठा सोडला.

रविवारी मी सगळ्यांना ओरखडा दाखवला. कोणी केलं ठाऊक नाही, म्हणालो. कोणीतरी माफी मागितली तर स्पर्धा वाचेल, हेही म्हणालो. सगळ्या भावाकडे बघायला लागल्या, कारण खांब त्याचे. तो काहीतरी म्हणाला. बहीण त्याच्यावर स्पॅनिशमध्ये तुटून पडली. मला शब्द कळले नाहीत, पण कळायचं ते कळलं. त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं. मी जाळ्याची घडी करत होतो.

त्या आठवड्यात आम्ही कचेरीत गेलो. कप्तान, तिचा भाऊ, कॅलिफोर्नियाची बाई आणि मी. बहिणीने मिठाईचा खोका आणला होता, दुकानातून नीट कागदात बांधून, आणि भावाला कारखान्यातल्या एका जपानी बाईकडून वाकायला शिकवून आणलं होतं, किती खोल, किती वेळ. त्याने इस्त्रीचा शर्ट घातला होता.

बोलणं असं चाललं. कप्तान स्पॅनिशमध्ये बोलायची, कॅलिफोर्नियाची बाई मला इंग्रजीत सांगायची, मी व्यवस्थापकाला जपानीत. तिने माफी मागितली. भावाच्या वतीने, सगळ्यांच्या वतीने, जिम आम्हाला घरासारखं आहे. मी ते जपानीत सांगितलं, आणखी सुंदर करून सांगितलं. व्यवस्थापक मान डोलवत होता.

मग भाऊ वाकला. सरळ झाला. आणि शांतपणे एक वाक्य बोलला.

बहिणीने त्याचा दंड धरला. कॅलिफोर्नियाची बाई मला म्हणाली, "तो म्हणतोय, माफी मागतो, पण खांब त्याने ओढला नाही. तो कधीच एकट्याने नेत नाही."

व्यवस्थापक माझ्या तोंडाकडे बघत होता.

मी जपानीत म्हणालो, "यापुढे असं होणार नाही, असं ते म्हणतात."

व्यवस्थापकाने खोका दोन्ही हातांनी घेतला. खूप बरं वाटलं, म्हणाला. स्पर्धेसाठी शुभेच्छा दिल्या.

बाहेर आल्यावर कॅलिफोर्नियाच्या बाईने विचारलं, "त्याचं शेवटचं वाक्य ऐकून म्हातारा काय म्हणाला?"

"काही नाही," मी म्हणालो. "इथे असं बोलून दाखवत नाहीत."

"हं," ती म्हणाली. "चांगला माणूस आहे म्हातारा."

स्पर्धेची गोष्ट मी पाहुण्यांना सांगतो तशीच आहे, त्यात खोटं काही नाही. नऊ जणींच्या खेळात जागा बदलत नाहीत, हे अमेरिकन बायका सारख्या विसरायच्या आणि पेरूच्या बायका त्यांना कमरेला धरून जागेवर आणायच्या. चेंडू आला की एकाच वेळी दोन भाषांत ओरडा व्हायचा. प्रेक्षक लोटपोट. पहिला सामना जिंकलो, दुसऱ्यात त्याच वसाहतीच्या संघाकडून हरलो. कप्तानने जमिनीवर झेप घेऊन असे काही चेंडू उचलले की समोरच्या बायकांनीच टाळ्या वाजवल्या. नंतर त्यांच्यातली एक वयस्कर बाई भाताचे गोळे घेऊन आली आणि कप्तानच्या शेजारी बसून गुडघ्याला पट्टी कशी बांधायची ते दाखवत राहिली. कप्तान माझ्याकडे बघून रडत-हसत होती.

भाऊ आला नव्हता. खांब मी आणि कॅलिफोर्नियाच्या बाईने उचलले.

त्यानंतर काही दिवसांनी तो मला आमच्या स्टेशनबाहेर भेटला. हातात मोठी बॅग. हमामात्सुच्या एका कारखान्यात जागा मिळाली होती, निघाला होता. आम्ही दोघंच होतो, तेव्हा त्याचं आणि माझं बोलणं त्याच्या मोडक्या जपानीतच झालं, आणि ते माझ्या समजुतीपेक्षा पुष्कळ बरं होतं.

"कचेरीत तुम्ही काय बोललात ते मला समजलं," तो म्हणाला.

मी पाकिटात रेल्वेचा पास शोधायला लागलो.

"मी तेव्हा मध्ये बोलू शकलो असतो. चिगाउ, एवढंच. नाही, असं नाही. कारखान्यात रोज बोलतो. पण मग तुमचं दाइह्योपण गेलं असतं, जिम गेलं असतं, तिचा सामना गेला असता." त्याने बॅग दुसऱ्या हातात घेतली. "छान खेळली म्हणे."

"फार छान."

"मग ठीक. पण तिला सांगा, इंदोसान. मी सांगितलं तर तिला वाटतं मी अजून खोटं बोलतोय. आमचे वडील असेच होते, कधी कबूल करायचे नाहीत, ती मला त्यांच्यासारखा म्हणते. तुम्ही सांगितलं तर ऐकेल."

मी हो म्हणालो. वाकलो. त्याने माझा हात हातात घेऊन दाबला, त्यांच्या पद्धतीने, आणि गेला.

मी या रविवारी, पुढच्या रविवारी, असं म्हणत राहिलो. प्रत्येक रविवारी ती खूश असायची. वसाहतीतल्या बायकांनी तिला सरावाला बोलावलं होतं. मी म्हणे तिच्यासाठी केवढं केलं, हे ती येईल त्याला सांगायची. अशा माणसाने मध्येच कुठे तोंड उघडायचं? शिवाय व्यवस्थापक माझ्याशी अधिकच आदराने बोलायला लागला होता.

पुढच्या वर्षाच्या सुरुवातीला माझी बदली पुण्याला झाली. शेवटच्या रविवारी मी दाइह्योपण कॅलिफोर्नियाच्या बाईच्या हवाली केलं. तिघं जिमच्या दारात बूट घालत बसलो होतो.

"भाऊ ख्रिसमसलाही आला नाही," कप्तान म्हणाली. कॅलिफोर्नियाची बाई मला इंग्रजीत सांगत होती. "फोनही नाही. एका ओरखड्यासाठी. केला म्हणाला असता तर कोण मारणार होतं त्याला? तुमच्याकडे असतात का असे पुरुष, चूक झाली म्हणायला जीभ न उचलणारे?"

दोघी माझ्याकडे बघत होत्या. वाट बघत होत्या म्हणणं जास्त होईल. सहज विचारलेला प्रश्न होता.

"सगळीकडे असतात," मी म्हणालो.

कॅलिफोर्नियाची बाई हसली. तिने ते स्पॅनिशमध्ये सांगितलं, काही न गाळता, तशी कप्तानही हसली.

त्यानंतर त्या भावंडांचं काय झालं ते मला कळलं नाही. बोलायला लागली असतील, किंवा नसतील. शोधायचा प्रयत्न मी केला नाही. आज कोणाचा तरी मुलगा कॉम्प्युटरवर बसून शोधून देईल, असं बायको म्हणते. तिने हे लिहिलेलं वाचलं. वाचून म्हणाली, "पण हे मराठीत आहे. त्यांच्यातल्या कुणाला वाचता येणार आहे हे?"

कुणालाच नाही. मराठीत लिहायला बसलो तेव्हाच ते मला ठाऊक होतं.