नाकतोड्याचा डावा पाय

माझ्या धाकट्या दिरांना लोक आधी बर्फवाले डॉक्टर म्हणायचे, मग सुईवाले म्हणायला लागले. हल्ली काय म्हणतात ते मी विचारत नाही. मी त्यांना भाऊजी म्हणते आणि त्यांच्या दवाखान्यात बाहेरच्या टेबलाशी बसून पेशंटची नावं पुकारते.

भाऊजी कॉलेजात फुटबॉल खेळायचे. एका सामन्यात त्यांचा गुडघा गेला तो गेलाच. त्या गुडघ्यावर ज्याने त्याने इतके सल्ले दिले की चिडून ते स्वतःच खेळाडूंचे डॉक्टर झाले. गावातल्या क्लबाने त्यांना ठेवून घेतलं. मैदानात कोणी कोसळलं की भाऊजी बर्फाची पिशवी घेऊन धावत सुटायचे, एक पाय जरासा ओढत. आमचे हे, म्हणजे त्यांचे दादा, प्रेक्षकांत बसून ओरडायचे, "अरे, आधी डॉक्टरला उचला!"

तेव्हा भाऊजींना सगळं माहीत असायचं. किती दिवस झोपायचं, कधी चालायचं, कधी पळायचं, धडाधड सांगायचे. ऐकणाऱ्याचं अर्धं दुखणं तिथेच जायचं.

मग त्यांची स्वतःचीच पाठ धरली. सामानाची पेटी उचलायला वाकले ते वाकलेलेच राहिले. गोळ्या झाल्या, शेक झाला, डॉक्टर मित्रांनी एकामागून एक फोटो काढले. शेवटी मीच त्यांना गाडीत घालून सुया टोचणाऱ्या एका बाईंकडे नेलं. बाहेर आले ते ताठ उभे, पण तोंड पाडून.

"बरं नाही का वाटत?" मी विचारलं.

"वाटतंय ना, वहिनी. त्याचाच तर राग येतोय. का वाटतंय?"

त्या 'का'च्या मागे लागून ते त्याच बाईंकडे शिकायला जाऊ लागले. मग दवाखान्याच्या दोन खोल्या झाल्या. पुढच्या खोलीत व्यायामाची यंत्रं, वजनं, बर्फाचा डबा. मागच्या खोलीत सुया, तेलं, एक लांब टेबल आणि रंगीत चिकटपट्ट्या. दादा म्हणायचे, "पुढच्या दाराने डॉक्टर, मागच्या दाराने मांत्रिक. बिल कोण देतो रे?"

लोक दोन्ही दारांनी यायला लागले आणि बरे होऊन जायला लागले. पण भाऊजींचा चेहरा दिवसेंदिवस उतरत चालला. ते पेशंटला व्यायामही द्यायचे आणि सुयाही टोचायचे. माणूस बरा झाला की नक्की कशाने झाला, हे कळायला मार्ग नाही. आमटीत मीठही पडलं, लिंबूही पडलं. चव कशाने आली कसं सांगणार?

मी म्हणायची, "बरं झालं ना? मग देवाचे आभार माना आणि पुढच्याला बोलवा."

"तुमचं बरं आहे, वहिनी. न कळलेलं ठेवायला तुमच्याकडे जागा आहे."

अशात नाकतोडा आली. ती अडथळ्यांची शर्यत पळायची. पाय एवढे लांब की बरोबरीच्या मुलींनी हे नाव पाडलं, आणि ती स्वतःही तेच सांगायची. तिच्या डाव्या मांडीच्या मागच्या बाजूला दुखत होतं आणि दुसऱ्या दिवशी स्पर्धा होती. मागच्या खोलीतला पंखा बंद पडला होता, म्हणून भाऊजींनी टेबल फिरवून खिडकीकडे केलं होतं. ती पालथी झोपली. भाऊजींनी सुया टोचल्या, वर निळी पट्टी लावली. ती उठली, दोन उड्या मारल्या आणि म्हणाली, "गेलं की दुखणं!" मीही त्या दिवशी देवापुढे हात जोडताना तिचा डावा पाय आठवणीने सांगितला.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं मैदानावर गेलो. मुली रेषेवर येऊन उभ्या राहिल्या आणि भाऊजींनी माझं मनगट घट्ट धरलं.

"वहिनी, हिचा कुठला पाय दुखत होता?"

"डावा."

"मग पट्टी कुठे आहे?"

पट्टी उजव्या पायावर होती. टेबल फिरवलं तशी डोक्याची जागा पायाकडे गेली होती, पण भाऊजींचे हात नेहमीच्याच बाजूला गेले होते. ते उठून खाली धावायला लागले तोवर बार झाला. मी डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा नाकतोडा पहिली आलेली होती आणि कठड्यावरून वाकून भाऊजींच्या गळ्यात पडली होती. "डॉक्टर, पाय आहे की वारा!"

घरी दादांना कळलं तेव्हा ते हसून हसून खोकायला लागले. "अरे, मग पेशंटला बोलावतोस कशाला? शेजाऱ्याला टोच, पेशंट बरा!" मग माझ्याकडे वळून म्हणाले, "की तुझ्या देवाने केलं?" देवाला मी डावा पाय सांगितला होता खरा. पण देव बरा करणार होता, तर सुया चुकीच्या पायात कशाला जाऊ दिल्या? मी भाकऱ्या थापत बसले.

पुढे निवड चाचणी होती. तीत पहिल्या तिघींत आली तर देशाच्या संघात. नाकतोडा हसत हसत आली, मागच्या खोलीत जाऊन पालथी झोपली. "डॉक्टर, अगदी तसंच करा. एक सूत इकडे तिकडे नको."

भाऊजी हातात निळी पट्टी घेऊन उभे. लावली असती तर ती आनंदाने गेली असती. त्यांनी दारात उभ्या माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीकडे पाहिलं.

"उठून बस," ते म्हणाले. "मागच्या वेळी मी चुकीच्या पायावर केलं."

"माहीत आहे."

"काय?"

"सुया मला टोचल्या ना! मला वाटलं तुमच्या शास्त्रात असंच असेल. डावं दुखलं की उजवं धरायचं."

"असंही करणारे आहेत. पण मी ते केलं नव्हतं. मी चुकलो होतो."

ती हसली, मग हसायची थांबली. "मग दुखायचं कसं थांबलं?"

"माहीत नाही."

भाऊजींच्या तोंडून हे शब्द मी पहिल्यांदाच ऐकले. पट्टी टेबलावर टाकून ते तिला पुढच्या खोलीत घेऊन गेले, क्लबात करायचे तसं टाच त्यांच्या हातावर दाबायला लावली. आधी उजवी, मग डावी. पुन्हा डावी.

"दुखत नसेल, पण डाव्यात ताकद कमी आहे. चाचणी सोड. स्नायू फाटेल."

नाकतोड्याच्या डोळ्यांत पाणी आलं, पण आवाज चढला. "आत्ता म्हणालात ना, माहीत नाही म्हणून? मग पळू नको हे कुठून माहीत?"

"हेही नक्की नाही माहीत."

"मग कशाला सांगता?"

तिने मागच्या खोलीत जाऊन टेबलावरची निळी पट्टी उचलली आणि मागच्या दाराने निघून गेली.

ती पळालीच. पट्टी स्वतःच लावली होती, उजव्या पायावर. आली चौथी. पाय फाटला नाही, काही नाही. नुसती चौथी. भाऊजींनी बातमी ऐकली आणि बर्फाच्या डब्याचं झाकण विनाकारण उघडून बंद केलं. "वहिनी, मी गप्प बसलो असतो तर ती तिसरी आली असती का?"

"किंवा पाय फाटला असता."

"किंवा." आणि पुन्हा झाकण उघडलं.

त्या दिवसापासून ते कोणीही विचारलं की 'माहीत नाही' म्हणायला लागले. बरेच पेशंट दुसरीकडे गेले. पैसे मोजून 'माहीत नाही' कोण ऐकणार? आम्हाला वाटलं नाकतोडाही गेली.

एका सकाळी ती माझ्या टेबलासमोर येऊन उभी राहिली. मी नाव पुकारायच्या आधीच आत गेली. मागच्या खोलीत नाही, पुढच्या.

"दुखतंय," ती म्हणाली. "का, ते विचारू नका."

"नाही विचारत. कुठला पाय?"

तिने भाऊजींच्या खिशातलं पेन काढलं, डाव्या मांडीवर ही मोठी फुली मारली आणि म्हणाली, "हा."

भाऊजींनी वाकून ती फुली पाहिली. मग मान वर करून मला विचारलं, "वहिनी, हा डावाच ना?"